पोटॅशच्या गोणीतला अरगॉन

करमाळा तालुक्यातलं कंदर हे केळीचं गाव. उजनीच्या फुगवट्याचं पाणी शिवारात आलं आणि जिरायतीच्या गप्पा मागे पडून ऊस-केळीच्या सुरू झाल्या. आज इथले घड कंटेनरमध्ये बसून आखाती देशांत जातात. केळी पोटॅशची मोठी हावरट. त्यामुळे बागवाल्याच्या मोटारीच्या खोलीत म्युरेट ऑफ पोटॅशची एखादी गोणी भिंतीला टेकलेली असायचीच. पन्नास किलोच्या त्या गोणीत साधारण पंचवीस किलो निव्वळ पोटॅशियम असतं. त्यात दर दहा हजार अणूंमागे एखादा अणू पोटॅशियम-४० या जातीचा निघतो. हा एखादाच अस्थिर. पण पंचवीस किलोत अणूच इतके अफाट असतात की त्या गोणीत दर सेकंदाला सुमारे पावणेआठ लाख केंद्रकं मोडतात.

मोडून त्यांचं होतं काय? दहांतल्या जवळपास नवांचं कॅल्शियम होतं. उरलेल्या एकाचा अरगॉन वायू होतो. म्हणजे गोणीत सेकंदाला ऐंशी हजारांच्या आसपास अरगॉनचे अणू तयार होतात. आणि लाखात एखाद्या विघटनात पॉझिट्रॉन बाहेर पडतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा जुळा, प्रतिद्रव्याचा कण. पुऱ्या गोणीचा हिशोब केला तर सेकंदाला सात-आठ पॉझिट्रॉन. प्रतिद्रव्य म्हटलं की लोकांना जिनिव्हाचे बोगदे आठवतात. त्याचा पुरवठा खताच्या दुकानातही आहे, हे कुणी सांगत नाही. केळ्याचा हिशोब अर्थातच लहान आहे. एका केळ्यात सेकंदाला बारा-पंधरा विघटनं, त्यांतून अरगॉनचे एक-दोन अणू, आणि पॉझिट्रॉन म्हणाल तर तासा-दोन तासांत एखादा. यात घाबरण्यासारखं काही नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगातल्या पोटॅशियममध्येही सेकंदाला चार हजारांवर विघटनं चाललेली असतात, आणि केळी जास्त खाल्ली म्हणून ती वाढत नाहीत, कारण जादा पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात.

अरगॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या मागे एकच घटना आहे. केंद्रकातला एक प्रोटॉन न्यूट्रॉन बनतो. पुढच्या पानांचा विषय ज्या केंद्रकांत प्रोटॉन जास्त झाले आहेत, ती केंद्रकं आहेत. ती कशी बांधलेली असतात, कशी मोडतात, आणि जास्तीची सीमा कुठे संपते, हे पाहायचं आहे. पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा शेवटच्या प्रकरणात, दूरच्या प्रयोगशाळांमधली नवलाई म्हणून येतो. ही मांडणी उलटी वाटते. या प्रक्रियेतला सगळ्यात सौम्य प्रकार खतात, पावसात आणि दगडात आहे. तिथून सुरुवात केली तर टोकाची केंद्रकं परकी वाटत नाहीत.

आधी थोडा हिशोब. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, न्यूट्रॉन ढकलत नाहीत. हलक्या केंद्रकांत दोघांची संख्या जवळपास सारखी असली तरी भागतं: कॅल्शियम-४० मध्ये वीस आणि वीस. केंद्रक जड होत जातं तसा ढकलाढकलीचा ताण वाढतो आणि तो निभावायला न्यूट्रॉन जास्त लागतात. शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनमागे १२६ न्यूट्रॉन आहेत. हे प्रमाण प्रोटॉनच्या बाजूला झुकलं की केंद्रकाला ते सोसवत नाही आणि एखाद्या प्रोटॉनचा न्यूट्रॉन करणं त्याच्या फायद्याचं ठरतं. एकटा, मोकळा प्रोटॉन हे कधीच करू शकत नाही. न्यूट्रॉन त्याच्याहून १.२९ एमईव्हीनं, म्हणजे १.२९ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टनं जड आहे. केंद्रकाच्या आत मात्र ही तूट बंधन-ऊर्जेतून भरून निघते.

भरून काढायच्या वाटा दोन. पहिलीत प्रोटॉन पॉझिट्रॉन आणि न्यूट्रिनो बाहेर टाकतो. १९३४ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक झोलियो-क्यूरी या दांपत्याला ती दिसली. त्यांनी अल्युमिनियमच्या पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. मारा थांबवला, तरी पत्र्यातून पॉझिट्रॉन येतच राहिले. अल्युमिनियमचं फॉस्फरस-३० झालं होतं, १५ प्रोटॉन आणि १५ न्यूट्रॉनचं. निसर्गातल्या फॉस्फरसपेक्षा त्यात एक न्यूट्रॉन कमी. माणसानं बनवलेलं हे पहिलं किरणोत्सारी मूलद्रव्य, आणि त्यासाठी दोघांना १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरी वाट अधिक गुपचूप आहे. प्रोटॉन काही बाहेर टाकण्याऐवजी अणूच्या स्वतःच्याच आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळतो. बाहेर निसटतो तो फक्त न्यूट्रिनो. १९३७ मध्ये लुई अल्वारेझ यांनी व्हॅनेडियम-४८ मध्ये ही घटना पकडली, तीही गिळलेल्या इलेक्ट्रॉनची रिकामी जागा भरताना निघणाऱ्या क्ष-किरणांवरून.

दोन वाटांतली निवड कोण करतं? बहुतांशी ऊर्जा. आधीच्या आणि नंतरच्या अणूंमधला फरक १.०२२ एमईव्हीपेक्षा कमी असेल तर पॉझिट्रॉनची वाट पूर्ण बंद होते आणि इलेक्ट्रॉन गिळण्यावाचून पर्याय राहत नाही. पोटॅशियम-४० काटेकोरपणे या कुळातलं नव्हे. १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. एका बाजूला अरगॉन-४०, दुसऱ्या बाजूला कॅल्शियम-४०, दोन्ही शेजारी सम संख्यांचे आणि म्हणून अधिक स्थिर. अरगॉनकडून पाहिलं तर याच्याकडे प्रोटॉन एक जास्त, कॅल्शियमकडून पाहिलं तर एक कमी. म्हणून ते दोन्हीकडे मोडतं. मात्र त्याची स्वतःची गिरकी (स्पिन) शेजाऱ्यांच्या गिरकीपेक्षा इतकी वेगळी आहे की मोडायला वेळ फार लागतो. त्याचा अर्धायुष्यकाल आहे १२५ कोटी वर्षं.

या संथपणाचा उपयोग उजनीच्या दगडाला झाला. धरणाची अडीच किलोमीटर लांबीची भिंत १९८० मध्ये पुरी झाली आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पलीकडच्या तीरावरचं पळसदेवचं जुनं मंदिर कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजूनही डोकं वर काढतं. या साऱ्या परिसराच्या पायाशी दख्खनचा बेसाल्ट आहे. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा त्यातला अरगॉन उडून जातो. थिजला की पोटॅशियमपासून तयार होणारा नवा अरगॉन स्फटिकांत अडकून साठू लागतो. किती साठला ते मोजा आणि दगडाचं वय काढा. प्रत्यक्षात हे सोपं नाही, कारण दख्खनच्या बेसाल्टात मुळात पोटॅशियम कमी, आणि झिजलेल्या दगडातून अरगॉन निसटलेला असतो. तरीही याच पद्धतीच्या सुधारित रूपानं या लाव्हाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात पक्कं केलं. आपण श्वासात घेतो त्या हवेतला अरगॉन जवळपास एक टक्का, आणि त्यातला ९९.६ टक्के हाच, खडकांतल्या पोटॅशियमनं इलेक्ट्रॉन गिळून तयार केलेला.

पावसाची गोष्ट याहून रंजक आहे.

आकाशात खूप उंचावर अंतराळातून येणारे वेगवान कण, म्हणजे विश्वकिरण, नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळून त्यांचे तुकडे करतात. त्यांतला एक तुकडा बेरिलियम-७. चार प्रोटॉन, तीन न्यूट्रॉन. टिकाऊ बेरिलियममध्ये न्यूट्रॉन पाच असतात, म्हणजे हा शंभर टक्के आपल्या विषयातला. लिथियम-७ होताना त्याला ०.८६ एमईव्ही मिळतात. वरच्या नियमानं पॉझिट्रॉनला हे कमी पडतात, म्हणून बेरिलियम-७ फक्त इलेक्ट्रॉन गिळतो. अर्धायुष्यकाल ५३ दिवस. हवेतल्या धुळीच्या कणांना चिकटून तो खाली येतो आणि मुख्यतः पावसाबरोबर जमिनीवर उतरतो.

१९५० च्या दशकात मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांच्याभोवती तरुणांचा एक गट जमला होता. त्यात देवेंद्र लाल, पी. एस. गोएल आणि रामा ही मंडळी होती. विश्वकिरणांमुळे हवेत कोणती किरणोत्सारी मूलद्रव्यं तयार होत असतील, हा त्यांचा प्रश्न. मुंबईच्या पावसाचा तुटवडा त्यांना अर्थातच नव्हता. शिकागोमध्ये जेम्स अरनॉल्ड आणि अल-सालिह यांनी १९५५ मध्ये पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ सापडल्याचं जाहीर केलं आणि १९५६ मध्ये मुंबईच्या गटाचा पावसातल्या बेरिलियम समस्थानिकांवरचा निबंध आला. शेकडो लिटर पाण्यातून मूठभर अणू रसायनानं वेगळे काढायचे आणि मग किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राजवळ बसून त्यांच्या टिकटिकीची वाट पाहायची, असं हे काम. निसर्गाच्या घड्याळांचं हे शास्त्र उभं राहताना त्याच्या पहिल्या फळीत मुंबई होती. मराठी विज्ञानलेखनात भाभांबद्दल पुष्कळ येतं, या पावसाच्या पाण्याबद्दल फारसं येत नाही.

बेरिलियम-७ मातीला घट्ट चिकटतो आणि वरच्या एक-दोन सेंटिमीटरच्या खाली सहसा जात नाही. गाळ ज्यांच्या डोक्याला ताप आहे, त्या धरणांसाठी ही फार कामाची गोष्ट. उजनी एकूण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, आणि उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य सोलापूरकर हवामानाच्या बातमीसारखं ऐकतात. अशा जलाशयात आलेला गाळ कुठला? नांगरलेल्या शेतांची वरची माती, की नदीच्या ढासळलेल्या काठांची आतली माती? ताज्या गाळात बेरिलियम-७ भेटला तर ती माती गेल्या काही महिन्यांत उघड्यावर पाऊस खात होती. नाही भेटला तर ती खोलातून आली किंवा जुनी आहे. वेळेचं भान मात्र ठेवावं लागतं. सप्टेंबरअखेरच्या पावसातला बेरिलियम मार्चअखेरीस दहावा हिस्साच उरतो. जगभर धूप मोजणारे हे तंत्र वापरतात, आणि त्याला लागतं फक्त वाळवलेल्या मातीचं डबडं आणि जर्मेनियमचा गॅमा शोधक.

तो शोधक जी खूण टिपतो तीही केंद्रकाच्या रचनेतूनच येते. बेरिलियम-७ आणि लिथियम-७ ही आरशातली जोडी आहे. एकाचे प्रोटॉन मोजा, तेवढे दुसऱ्याचे न्यूट्रॉन. दोघांची पहिली उत्तेजित पातळी म्हणूनच जवळजवळ एका उंचीवर आहे: एकात ४२९ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, दुसऱ्यात ४७८ हजार. फरक पडतो तो मुख्यतः प्रोटॉनांच्या आपसातल्या ढकलण्यानं. बेरिलियम मोडताना दहातला एखादा थेट तळाला न जाता लिथियमच्या या पहिल्या पातळीवर थांबतो आणि तिथून गॅमा किरण सोडून खाली उतरतो. डबड्यातल्या मातीतून येणारा तो एकमेव पुरावा.

इलेक्ट्रॉन गिळण्याच्या या वाटेची एक गंमत अशी, की इथे केंद्रकाचं आयुष्य बाहेरच्यांवर अवलंबून असतं. अंतराळात उडणाऱ्या बेरिलियम-७ चे सगळे इलेक्ट्रॉन उडून गेले असतील तर त्याला गिळायला काही नाही, आणि तो मोडतच नाही. प्रयोगशाळेतही आजूबाजूचे अणू बदलले की अर्धायुष्यकाल किंचित हलतो. २००४ मध्ये जपानमध्ये साठ कार्बन अणूंच्या पोकळ गोळ्यात बेरिलियम-७ कोंडलं, तेव्हा तो ५२.६८ दिवस आला. धातूरूप बेरिलियममध्ये ५३.१२. फरक टक्क्याच्याही आतला, पण किरणोत्साराचा वेग कशानंच बदलत नाही, असं शाळेत शिकलेल्यांना तो खुपायला हवा.

सूर्याच्या गाभ्यातही बेरिलियम-७ तयार होतो, हेलियम-३ आणि हेलियम-४ जुळून. तिथे तो बहुधा इलेक्ट्रॉन गिळतो आणि ठरावीक ऊर्जेचा न्यूट्रिनो सोडतो. इटलीत डोंगराखालच्या बोरेक्सिनो प्रयोगानं २००७ मध्ये हे न्यूट्रिनो पकडले. क्वचित तो आणखी एक प्रोटॉन ओढून घेऊन बोरॉन-८ होतो, पाच प्रोटॉन आणि तीन न्यूट्रॉनचा. शेवटचा प्रोटॉन त्याला जेमतेम धरवतो आणि बाकीच्या केंद्रकापासून बराच लांब रेंगाळतो. सूर्याच्या न्यूट्रिनोंचा हिशोब तीन दशकं जुळत नव्हता, तो वाद बव्हंशी याच बोरॉनच्या न्यूट्रिनोंवरून पेटला होता.

उजनीकाठच्या घरांचा या विषयाशी सर्वांत जवळून संबंध येतो तो मात्र कर्करोगाच्या तपासणीत. याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. डॉक्टर ‘पेट स्कॅन करून या’ म्हणतात तेव्हा रुग्णाला फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. नऊ प्रोटॉन, नऊ न्यूट्रॉन. नेहमीच्या फ्लोरिनपेक्षा न्यूट्रॉन एक कमी. भुकेली कर्कपेशी ती साखर ओढून घेते, फ्लोरिन पॉझिट्रॉन सोडतं, तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघंही नष्ट होतात आणि विरुद्ध दिशांनी दोन गॅमा किरण सुटतात. त्यांच्या जोड्या जुळवून यंत्र गाठीचा ठावठिकाणा काढतं. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात सुरू झालं. ऑक्सिजन-१८ वाढवलेल्या पाण्यावर तिथे प्रोटॉनचा झोत सोडला जातो. आडवं येतं ते रस्त्याचं अंतर. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल ११० मिनिटांचा. मुंबईहून निघालेली मात्रा सव्वासात-साडेसात तासांनी सोलापुरात पोचली तर सोळावा हिस्सा उरलेला असतो. तालुक्याच्या गावी हे औषध साठवून ठेवता येत नाही, त्याचं कारण शीतपेटीची उणीव नसून फ्लोरिनमधल्या एका न्यूट्रॉनची उणीव आहे.

आता टोकाकडे. न्यूट्रॉन आणखी कमी करत गेलं तर एक रेषा येते, जिच्यापलीकडे शेवटचा प्रोटॉन धरून ठेवायला केंद्रकाकडे बंधनच उरत नाही. तिला प्रोटॉनांची ठिबकरेषा म्हणतात. पण तिथेही प्रोटॉन लगेच सुटत नाही. केंद्रकाच्या विद्युतभारानं भोवती उभी केलेली ऊर्जेची भिंत त्याला आत अडवते, जसं उजनीचं पाणी खालच्या भीमेपेक्षा उंच असूनही भिंतीमुळे थांबतं. पाणी भिंतीतून आरपार जात नाही, प्रोटॉन जातो. पुंजयामिकी त्याला बोगद्याची मुभा देते. ऊर्जा जरा जास्त असेल तर तो मोजण्याआधीच निसटतो. जरा कमी असेल तर इतका रखडतो की मध्येच पॉझिट्रॉनची वाट बाजी मारते. दिसण्याजोगी फट अगदी अरुंद. न्यूट्रॉनला असली विद्युत भिंत नाही, म्हणून न्यूट्रॉनांच्या बाजूला असा रेंगाळणारा किरणोत्सार सापडत नाही.

अशी केंद्रकं बनवायची युक्ती सोपी आहे. दोन हलकी, स्थिर केंद्रकं जुळवायची. हलक्यांत न्यूट्रॉनचं प्रमाण कमी असतं, आणि जुळून झालेल्या जड केंद्रकाला ते अपुरं पडतं. मुंबईत कुलाब्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या पेलेट्रॉन त्वरकावर याच मार्गानं न्यूट्रॉन-गरीब केंद्रकं तयार करून त्यांच्या गॅमा किरणांवरून आकार आणि गिरक्या अभ्यासल्या जातात. जर्मनीत डार्मश्टाटला १९८१ मध्ये निकेल-५८ आणि रुथेनियम-९६ जुळवून ल्युटेशियम-१५१ बनवलं. नेहमीच्या ल्युटेशियमपेक्षा चोवीस न्यूट्रॉन कमी! आपल्या तळाच्या स्थितीतून सरळ प्रोटॉन फेकताना पाहिलेलं हे पहिलं केंद्रक. सेकंदाच्या बाराव्या-तेराव्या भागात निम्मी संपतात. प्रोटॉनची ऊर्जा आणि हा वेळ एकत्र मांडला, की तो आत कोणत्या कक्षेत फिरत होता हे कळतं, कारण कक्षेची गिरकी जितकी जास्त तितकी भिंत उंच. मोडताना बाहेर पडलेल्या एका कणावरून आतली रचना वाचण्याची अशी संधी अणुकेंद्रकशास्त्रात थोड्याच ठिकाणी मिळते.

सम संख्येच्या मूलद्रव्यांचं आणखी निराळं. लोह-४५ मध्ये २६ प्रोटॉन आणि जेमतेम १९ न्यूट्रॉन आहेत. प्रोटॉन जोडीनं राहतात, आणि जोडी फोडून एकच बाहेर टाकणं ऊर्जेला परवडत नाही. दोघांनी मिळून गेलं तर परवडतं. रशियाच्या गोल्डान्स्की यांनी १९६० मध्ये हे कागदावर मांडलं. २००२ मध्ये डार्मश्टाट आणि फ्रान्समधल्या काँ इथल्या प्रयोगांत ते दिसलं, आणि २००७ मध्ये पोलंडच्या गटानं अमेरिकेत मिशिगनला वायूच्या पेटीत एकाच बिंदूपासून निघालेल्या दोन प्रोटॉनांच्या रेघांचं चक्क छायाचित्र काढलं.

या साऱ्या प्रदेशात अभ्यासकांची नजर सर्वांत जास्त आहे ती कथील-१०० वर. पन्नास प्रोटॉन, पन्नास न्यूट्रॉन, दोन्ही आकडे केंद्रकाची कवचं पुरी भरणारे. ठिबकरेषेच्या अगदी कडेला उभं असूनही त्याचा अर्धायुष्यकाल सेकंदाहून थोडा जास्त आहे. १९९४ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा मूठभर केंद्रकांवर शोध जाहीर करावा लागला होता. २०१२ मध्ये डार्मश्टाटच्या गटानं २५९ केंद्रकं मोजून दाखवलं, की प्रोटॉनचा न्यूट्रॉन होण्याची ही प्रक्रिया इथे आजवर कुठेही दिसली नाही इतकी झपाट्यानं घडते. २०१९ मध्ये जपानमध्ये रिकेनला याहून कितीतरी जास्त केंद्रकं जमवून तोच प्रयोग पुन्हा झाला. तेव्हा विघटनाच्या ऊर्जेचा आकडा आधीच्यापेक्षा जास्त आला, आणि त्यामुळे ‘सर्वांत वेगवान’ या दाव्यातली धार कमी झाली. दोन्ही मोजमापं काळजीपूर्वक केलेली आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.